रकाना क्रमांक सतरा

परिपत्रक दिवाळीच्या सुट्टीत येऊन पडलं होतं.
हरित शाळा मूल्यांकन, बत्तीस रकाने, शंभर गुण,
शेवटची तारीख काल.

शाळा आमची दोन खोल्यांची.
चिऱ्याच्या भिंती, वर कौलं,
त्यांत एक काचेचं. त्यातून उतरणारा उन्हाचा चौकोन
अकराला फळ्यावर असतो, बाराला तिसरीच्या रांगेत,
आणि सालू फर्नांडिसच्या पाटीवर आला
की खिचडीची सुट्टी.
घड्याळ गेल्या शिमग्यापासून बंद आहे.

रकाना नऊ : पंखे किती?
दोन. त्यातला एक फिरतो, तोही साहेब आले की.
एरवी दर्यावरचा वारा पश्चिमेच्या खिडकीतून येतो,
मागच्या दारानं जातो,
हजेरी न देता.

रकाना दहा : गतवर्षीच्या तुलनेत विजेची बचत.
मी तालुक्याला फोन लावला.
बाई, बचत दाखवायची तर आधी वापर हवा ना,
विस्तार अधिकारी म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं.
जे कधी जाळलंच नाही
ते वाचवलं असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?
मी शून्य लिहिलं.
शून्याला शून्य गुण.

खाडीपलीकडच्या शाळेला ब्याण्णव मिळाले.
नवी इमारत, स्लॅब, भिंतभर काचा, छतावर सौरपाट्या.
दुपारी वर्गात भट्टी पेटते,
मग त्या पाट्यांच्या विजेवर सहा पंखे
तीच गरम हवा ढवळत बसतात.
पाट्यांच्या पट्ट्या खाऱ्या हवेनं दुसऱ्याच वर्षी खाल्ल्या.
मी हसत नाही.
आमच्या कौलांचंही निर्लेखन मंजूर झालंय.

दोन डबे मात्र वेळेवर आले, हिरवा आणि निळा.
गाडी काही आली नाही.
हिरव्यात मुलं माशांची खवलं टाकतात, माडांच्या आळ्यात ओततात.
निळ्याचं झाकण घट्ट बसतं,
म्हणून त्यात सुलोचना तारी पोषण आहाराचा तांदूळ ठेवते.
उंदरांचा बंदोबस्त झाला. असा रकाना नाही.

रकाना सतरा : कचऱ्याचा उगम.
शनिवारी पुळणीवर गेलो, गोणपाटं घेऊन.
नायलॉनच्या जाळ्याचा गुंता, त्यात वाळलेला एक खेकडा.
थर्मोकोल. औषधाच्या बाटल्या,
त्यांवरची अक्षरं आमच्यातल्या कुणालाच वाचता येईनात.
अकरा चपला, अकराही डाव्या पायाच्या.
वेदिका कुबल कमरेवर हात ठेवून म्हणाली,
बाई, ह्यां आपला नाय. दर्यान हाडून टाकल्यान.
मी तेच लिहिलं, फक्त शुद्ध करून.
उगम : समुद्र.

आठवड्यानं अर्ज परत. लाल शाईत शेरा :
उगम शाळेच्या हद्दीत दाखवावा.

मग आम्ही हद्द मोजायला निघालो.
सातबारा काढला, सुंभाची दोरी घेतली,
एका टोकाला सालू, एका टोकाला वेदिका,
मधे पहिलीची पोरं दोरीला लोंबकळत.
पूर्वेला सडा, उत्तरेला टिकमांची पाखाडी,
पश्चिमेला कागदावर एक सरळ रेघ,
आणि जागेवर केवड्याचं बन.
तिथं दगड सापडला, ठेचकाळलेला, शेवाळलेला.
त्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला,
ओल्या वाळूत कालच्या पुनवेच्या भरतीची रेषा.
दोन हात आत.

मुलं गप्प झाली. मग सालू म्हणाला,
म्हणजे बाई, तो आपल्या शाळेतच येतो?
पटावर नाव घालूया काय?

पटावर नाही घातलं.
रकाना सतरामध्ये लिहिलं, स्वच्छ अक्षरात :
समुद्र. पौर्णिमेस व अमावास्येस हद्दीत उपस्थित.
खाली सही केली, शिक्का मारला.
शाई वाळेना, हवेत मीठ आहे.
सगळी मिळून कागदावर फुंकर घालत बसलो,
पंखा न लावता.