जड बाजू

हार्लनच्या खुब्यात मार्चमध्ये नवा सांधा बसवला,
आणि एप्रिलात गोठ्यामागचा चिखल
कुणासाठी थांबायला तयार नव्हता.
म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी
स्किड स्टिअरच्या पिंजऱ्यात चढले:
दोन हात नि एक पाय, नाहीतर दोन पाय नि एक हात,
सदा तीन ठिकाणी धरून.
"टांग टाकायला ती काय घोडी आहे?"
हे त्याचं पहिलं वाक्य, उलट्या बादलीवर बसून.

चौतीस वर्षांत त्याने मला तिला हात लावू दिला नव्हता.
मीही कधी मागितलं नव्हतं म्हणा.

पट्टा. मग मांडीवरचा दांडा. मग किल्ली.
दांडा वर असेल तर ती ढिम्म हलत नाही.
बरं आहे, या शेतावर
निदान कुणीतरी नियमाने वागतं.

विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात
हिमनद्या आल्याच नाहीत म्हणतात.
आजूबाजूला सगळीकडे इस्त्री फिरली,
आमचा तुकडा तेवढा चुरगळलेला राहिला.

दोन दिवस सपाटीवर.
डावा लीव्हर पुढे, उजवा मागे, जागच्या जागी गरगर,
अंगणात चाकांनी उकरलेली भाकरीएवढी वर्तुळं.
तिसऱ्या दिवशी त्याने कुबडी उचलून चढ दाखवला.

"बकेट रिकामी, तेव्हा वजन मागे, इंजिनात.
तेव्हा उलटी चढ, पाठ पुढे करून.
भरली की वजन तोंडाशी येतं, मग तोंडाने चढ.
आणि उतरताना तोंड वरच ठेवून मागे मागे ये.
जड बाजू नेहमी वरच्या अंगाला."
पुन्हा सांग, मी म्हटलं.
त्याने पुन्हा सांगितलं.
इतक्या शांतपणे तो आजवर
फक्त अडलेल्या गाईंशी बोललाय.

बकेट घोट्याएवढी खाली.
उतारावर आडवं जायचं नाही, वळायचं तर नाहीच.
चुकलीस तर सरळ खाली ये,
सपाटीवर वळ, पुन्हा चढ. लाज वाटून घेऊ नकोस.

"आणि कलंडलीच तर?"
"आत बसून राहा. घट्ट धर. पाय बाहेर टाकशील तर"
त्याने वाक्य पुरं केलं नाही.
पलीकडच्या खोऱ्यातल्या मेल्विन ब्रोटनचं नाव
आम्ही दोघंही घेत नाही.

गुरुवारी, भरल्या बकेटनिशी, अर्ध्या चढावर
मागचं डावं चाक वुडचकच्या बिळात गेलं.
(वुडचक म्हणजे घुशीचा खात्यापित्या घरचा मावसभाऊ.)
गवत काचेवर आलं, आभाळ भलतीकडे सरकलं,
आणि माझा पाय, माझाच, मला न विचारता
दाराकडे निघाला.
मी त्याला परत बोलावलं,
कुंपणाबाहेर चाललेल्या वासराला बोलवावं तसं, न ओरडता.
बकेट जमिनीला टेकवली. हळू. किल्ली बंद केली.
ती कुरकुरली, आणि तशीच थांबली, तिरकी.

खाली पाहिलं तर हार्लन उभा.
बादली कलंडलेली, कुबड्या गवतात,
नवा सांधा आणि तो, दोघंच.
"खाली बस," मी आतून ओरडले. "आधी तू खाली बस!"

शुक्रवारी मी तो उतार पायी फिरले,
जे यंत्रावर चढण्याआधीच करायचं असतं.
त्याचं जुनं शिकारीचं नारिंगी जाकीट फाडून
काठ्यांना पट्ट्या बांधल्या.
सतरा बिळं, दोन बुंधे,
आणि एक चुनखडीचा धोंडा, जो आमच्या नकाशात नाही.
जाकिटाबद्दल तो काही बोलला नाही.

रात्री जिन्याशी तो अडला.
दवाखान्यातल्या बाईने शिकवलं होतं,
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.
का उलटं?
मी त्याच्या मागे, एक पायरी खाली,
एक हात कठड्यावर, एक त्याच्या पट्ट्यात.

"पुन्हा सांगू?" मी विचारलं.