रजिस्टरात नसलेलं वजन

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी काटा टांगते
अंगणवाडीच्या आढ्याला.
झोळीत एकेक लेकरू बसतं, माझ्याकडे बघून रडतं,
आणि मी म्हणते, हलू नको रे राजा,
काटा थांबू दे.

ओजस मडावी, सात किलो नऊशे.
मागच्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त.
त्याच्या मायच्या चेहऱ्यावर ते दोनशे ग्रॅम दिसतात.

सगळे गेले की मोठ्यांच्या काट्यावर मी उभी राहते,
चपला काढून, चाव्यांचा जुडगाही खाली ठेवून.
ब्याण्णव किलो चारशे. दीड किलो कमी.
एकाच खोलीत, एकाच दुपारी
वाढलं म्हणून खुशी, घटलं म्हणूनही खुशी.
पहिलीला रजिस्टरात रकाना आहे.

वर्ध्याच्या निंभोरकर मॅडमनी
टोचा लिहून देण्याआधी अर्धा तास विचारलं:
गळ्यात गाठ होती का घरात कोणाला?
पोटातली कळ पाठीत गेली का कधी?
अजून लेकरू पाहिजे का?
मी हसले. त्या नाही हसल्या.
मग म्हणाल्या, सगळ्यात लहान मात्रेनं सुरू करू.
मला कळलं.
नव्या गोऱ्ह्याला आधी रिकामी बंडी.

उपकेंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवू का, सिस्टरला विचारलं.
"लशीच्या घरात पाहुणा चालत नाही."
मग आमच्याच फ्रिजात, मधल्या फळीवर,
बर्फाच्या कप्प्यापासून लांब,
जवसाच्या चटणीच्या डब्यामागे.
वैशाखात लाईन गेली की मी दाराशी उभी:
उघडू नका रे, पाण्याची बाटलीही नको,
माठ कशाला भरला मग?

गुरुवारी रात्री, भांडी झाल्यावर.
कॅलेंडरवर ठिपका, ठिपक्याशेजारी डा किंवा उ,
म्हणजे मांडी चुकत नाही.

मी चुकले. खोटं कशाला लिहू.
तिसऱ्या महिन्यात काटा हलेना,
तर मॅडमला न विचारता
पेनाची चकती एक घर पुढे फिरवली.
त्या रात्री न्हाणीत बसून पहाटेपर्यंत ओकत होते,
घोटभर पाणी थांबेना,
आणि राहून राहून आठवत होतं
मी आयांना दर महिन्याला सांगते ते:
जास्त कोंबलं म्हणून लवकर अंगी लागत नाही, बाई.
सकाळी फोन केला. मॅडम रागावल्या नाहीत.
"मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट.
पोट दुखतच राहिलं तर घरी थांबू नका, या."
रागावल्या असत्या तर बरं होतं.

म्हणून गिरजा ढोके आली,
"पोरीचं लग्न आहे व, दोनच टोचे दे,
ब्लाऊज बसून नाही राहिलं तिला,"
तेव्हा मी तिला चहा दिला, पेन नाही.
"सुई बदलली तरी?"
तरी.
"एवढी काऊन कंजूष झाली व तू?"
हा ठेचा नाही, गिरजे, वाटीनं शेजारी द्यायला.
चिठ्ठीवर नाव माझं, तपासलेलं रक्त माझं.
पोरीला घेऊन वर्ध्याला चल, मी येते सोबत.
ती चहा अर्धा ठेवून गेली.
अजून बोलत नाही.

पंगतीत वाढपी थांबतो, "एक रोडगा तरी, बाई,"
मी पत्रावळीवर हात आडवा धरते.
आधी डाळ, मग चार घास, सावकाश,
आणि आतून कोणीतरी म्हणतं, बस.
माझ्या मायनं भूक पोटाशी पदरानं आवळली होती.
मी तीच भूक पैसे मोजून आवळते.
माय असती तर हे तिला कसं सांगितलं असतं,
अजून सुचलं नाही.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट,
वर स्केचपेननं लिहिलंय: हात लावू नका.
महिनाअखेर सिस्टरकडे नेऊन देते.
वाटेत पिशवीत बाटली खुळखुळते
आणि अंगणवाडीतली पोरं मागे धावतात,
बाई, काय आणलं?