सामू साडेतीन

कागदाची पट्टी पाण्यात बुडवली.
शेंदरी. म्हणजे साडेतीन.
वहीत आकडा मांडते, शेजारी तारीख,
आणि मागून फोर्तुनाता आत्या विचारते, "काय म्हणते गं?"
जणू आजारी पोराच्या काखेतून
मी नुकताच थर्मामीटर काढलाय.

माझ्या जन्मावेळी ही नदी निळी होती म्हणतात.
मला आठवते ती अशीच,
दगडांना गंज, तळाला तांबडी साय.
ट्राउट गेले, बेडूक गेले.
मेंढ्या काठापर्यंत यायच्या, हुंगायच्या,
तोंड न लावता माघारी वळायच्या.
आमच्याआधी त्यांना कळलं होतं.

वर्षभर आम्ही खाण शोधली.
कुणीतरी केलंच असणार ना हे,
एखादी कंपनी, एखादा बोगदा, रात्रीचे ट्रक.
एलेउतेरिओ काकांनी निषेधाचं कापडही रंगवलं,
फक्त नावाची जागा कोरी ठेवून.
मग लिमाहून एक मुलगी आली, पाठीवर बाटल्यांचं खोकं.
वर चढली. चार दिवसांनी उतरली,
ओठ फुटलेले, म्हणाली:
खाण नाही. बर्फ.
बर्फ मागे सरकला, आणि हजारो वर्षं झाकलेला खडक
उघडा पडला हवेत.
तोच विरघळतोय. लोखंड, शिसं, निकेल.

काकांनी ते कापड दंवाच्या रात्री
बटाट्यांवर अंथरलं.

खटला कुणावर भरायचा? डोंगरावर?
त्याला तर आम्ही आजोबा म्हणतो.
आजोबांच्या अंगावरचं पांघरूण ज्यांनी ओढलं
ते फार लांब राहतात,
आणि त्यांची नावं एका कापडावर मावायची नाहीत.

मग तळी खणली. पाच.
पहिल्यात पाणी नुसतं बसतं, दम खातं.
दुसऱ्यात चुनखडी.
तिसऱ्यात मेंढ्यांच्या लेंड्या, आणि त्यांत
हवेवाचून जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव.
त्या मुलीने त्यांची ओळख करून दिली तेव्हा
आत्या म्हणाली, "म्हणजे आमच्या नवऱ्यांसारखे.
करतात काय ते दिसत नाही, वास तेवढा येतो."
बायका इतक्या हसल्या की एकीची टोपी तळ्यात पडली.
चौथ्यात नि पाचव्यात लव्हाळे,
गुडघाभर गार चिखलात उभं राहून
मूठ मूठ लावलेले.

लव्हाळे पितात.
जे नदीला पेलवलं नाही ते मुळांशी धरून ठेवतात
आणि वर हिरवे दिसतात, अगदी निरोग्यासारखे.
हेच मला रात्री खुपतं.
विष संपत नाही, घर बदलतं फक्त.

मे महिन्यात कापणी.
आत्याने आयुष्यभर गवत कापलं,
पण कुणाच्याच पोटात जायचं नाही असं हे पहिलंच.
विळा चालवताना ती एकदाही बोलली नाही.
काळं प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात पेंढ्या रचल्या,
वर माती, वर दगड,
आणि दगडावर तिने कोकाची तीन पानं ठेवली,
नीट, देठ एका बाजूला करून.
"हे कशाला?"
"त्यांनी प्यायलं म्हणून."

संध्याकाळी पाचव्या तळ्याच्या तोंडाशी पट्टी बुडवते.
पिवळी, किंचित हिरवीकडे झुकलेली.
सहा असेल, साडेसहा असेल, उजेड कमी आहे.
इथून हातभर रुंदीचा पाट शेतांकडे जातो.
शेजारून अख्खी नदी तशीच लाल वाहत राहते,
तिला आमच्या पाच तळ्यांचा पत्ताही नाही.

कळपातली सर्वांत म्हातारी मेंढी पाटाशी येते.
मान खाली घालते. हुंगते.
मी पेन्सिल उचलून थांबते.
तिच्यासाठी वहीत रकाना नाही.