तेरा नंबरचा पाना

बोआहेमा मॅडमनी माझं ड्रॉइंग परत केलं
तेव्हा त्यावर लाल पेन्सिलीचे दोनच शब्द होते:
उघडणार कुठून?

कसावा किसायचं यंत्र होतं ते.
सहा आठवडे खपले होते मी.
चहूबाजूंनी वेल्डिंग,
सांधा असा की मुंगीनं परत फिरावं.
म्हटलं, मॅडम, हे उघडायची वेळच येणार नाही.
त्यांनी फक्त वर बघितलं.
वर्गातला पंखा तीन महिने बंद होता.
जळली होती एवढीशी मोटर,
पण कंपनीचं पत्र आलं होतं
की पंखाच नवा घ्यावा लागेल.

शनिवारी ट्रोट्रोनं सुआमेला गेले.
हरमट्टानची धूळ, तेलानं काळी पडलेली जमीन,
पोट फाडून ठेवलेल्या गाड्यांच्या रांगा,
आणि उपड्या डब्यावर बसलेले
फिटर क्वाबेना डुआ.
त्यांनी माझं ड्रॉइंग आधी उलटं धरलं,
मग सुलटं, मग पुन्हा उलटं.
"मेल्यावर याला पुरणार कुठे?"

माझ्या वहीत होतं की सगळं.
जीवनचक्र, कार्बनचा हिशोब,
कच्च्या मालापासून राखेपर्यंतचे बाण.
परीक्षेत गाळलेल्या जागा भरल्या होत्या मी,
वीसपैकी अठरा.
पुरायची जागा मात्र
कुठल्याच बाणाला नव्हती.

त्यांनी परदेशातून आलेल्या फ्रीजचा
एक बंद कॉम्प्रेसर माझ्या पुढ्यात टाकला.
म्हणाले, खोल.
दोन तास, तीन पाती, एक रक्ताळलेलं बोट.
शेवटी करवतीनं कापला तेव्हा
आतलं तांबं चांगलं होतं,
फक्त कुणाच्या कामाचं उरलं नव्हतं.
शेजारी त्यांची भाची एसिंपोमा
जुना डिझेल पंप सुटा करत होती,
एका हातात पाना, दुसऱ्यात भाजलेलं मक्याचं कणीस.
कणीस संपायच्या आत पंप संपला.

वेल्डिंगचा स्वभाव म्हणजे
मोडेन पण वाकणार नाही.
बोल्टला असली मिजास परवडत नाही,
तो रोज थोडा सैल होतो
आणि रोज कुणाला तरी
आपल्याकडे बघायला लावतो.

पुन्हा काढलं. चार मापांचे बोल्ट होते,
एकच माप ठेवलं,
कारण गावात पाना एकच असतो, तेरा नंबरचा,
असं डुआ म्हणाले होते.
यंत्र दोन किलोंनी जड झालं.
कडेनं थोडं झिरपूही लागलं,
ते मला अजून सोडवता आलेलं नाही.
मॅडम म्हणाल्या, झिरपतंय ते दिसतंय ना? मग चालेल.

एक गोष्ट मात्र मी कुणाला विचारली नाही.
माझ्या नावाची पितळी पट्टी
रिव्हेट मारून बसवली,
कायमची.

दीड वर्षानं टेचिमानच्या पलीकडे गेले.
यंत्र चालू होतं. ओळखू आलं नाही.
पुलीच्या जागी सायकलचं दातेरी चाक,
किसणीला छताचा पत्रा, खिळ्यानं भोकं पाडलेला,
मी दिलेला निळा रंग कुठेच नाही.
खरं सांगते, आधी वाईट वाटलं.
एवढी गणितं केली होती त्या पुलीची.
फ्रेमा नावाच्या बाई गारी भाजत होत्या,
घामेजल्या हातानं मला बसायला स्टूल दिलं
आणि पुलीचं सांगितलं: फुटली, तालुक्याला मिळेना,
सायकल मात्र घरोघरी.

माझी पट्टी?
रिव्हेट छिन्नीनं उडवलेले दिसत होते.
शोधली, तर मोटरच्या डुगडुगत्या पायाखाली
दुमडून सारलेली.
नावाची अर्धी अक्षरं आत, अर्धी बाहेर,
वर सगळा भार.

मोटर अजिबात हलत नव्हती.
खांबाला सुतळीनं तेराचा पाना टांगलेला,
मुठीशी झिजून चकचकीत.