खोली

बोटीने आलं ते, बोटासाठी.
पुठ्ठ्याचा डबा, आत घड्याळासारखं काही मनगटाला बांधायचं
आणि एक टोपी, एका बोटापुरती.

हाल्वारने सवयीने तर्जनी पुढे केली.
ती तर चौतीस वर्षांपूर्वी विंचमध्ये गेली, अर्धी.
उरल्या खुंटावर टोपी बसेना.
फोनवरची नर्स म्हणाली, शेजारचं बोट चालेल,
फक्त नख कापा.
मी कापलं. दिव्याखाली, त्याचा हात मांडीवर घेऊन.
नखात अजून डांबर.
किती दिवसांनी धरला होता हा हात, विचारू नका.

फॉर्मवर प्रश्न: रात्री किती वाजता झोपता?
इथे लोफोतेनला डिसेंबरच्या सुरुवातीला गेलेला सूर्य
जानेवारीत परत येतो.
त्याने लिहिलं: बातम्या संपल्यावर.

घोरतो. म्हणतो, मी? छे!
घोरण्याचं काही नाही, त्याची सवय होते, इंजिनाची होते तशी.
मधली शांतता सोसत नाही.
भर समुद्रात इंजिन थांबलं की सगळे जागे होतात,
तशी मी.
अकरा, बारा...
कधी तीस.
मग घशातून एक ओढ, भरलं जाळं वर यावं तशी.
नऊ वर्षं मोजून मी उशी उचलली, शेजारच्या खोलीत गेले.
तिथूनही मोजत राहिले, भिंतीला पाठ लावून.

त्या रात्री मोजायला दुसरं कुणी होतं.
श्वास अडला की म्हणे
बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात,
नाडीची लाट बसते,
टोपीला ते कळतं. माणसाला नाही.
जीव मुठीत धरून पडलेला असतो रात्रभर
आणि सकाळी सांगतो, छान झोप लागली.
मला खरंच लागली.
उठले तेव्हा त्याने कॉफी केलेली होती.

स्वोल्वारच्या डॉक्टरीणबाई, मारेन, पोरसवदा,
पडद्यावर आलेख उघडून समजावू लागल्या.
थांब, म्हणाला. चष्मा लावला.
चाळीस वर्षं ह्याच्या डोळ्यांनी
ध्वनियंत्राच्या रेघांवरून समुद्राचा तळ वाचलाय.
खुंट काचेवर टेकवून तो सरकत गेला:
इथे तळ वर येतोय. हा खडक.
हा दुसरा. हा...
मग बोलेना.
"ह्या पाण्यात मी माझा एकही पोरगा नेला नसता."
किती आहेत?
तासाला एकेचाळीस, मारेन म्हणाली.
त्याने आपल्या साडेनऊ बोटांकडे पाहिलं.

परतीच्या बोटीवर वारा होता.
"तू किती मोजायचीस?"
पस्तीस, म्हटलं. मध्येच डोळा लागायचा माझा.
तो बराच वेळ बाहेर बघत राहिला,
रिकाम्या लाकडी मांडवांकडे,
जिथे फेब्रुवारीत कॉड वाळत लागेल.
"म्हणजे सहा एकट्याने काढले," म्हणाला.

मी हातमोजा काढला.
त्याने नव्हता काढला, पण चाललं.