प्रशासकीय शुल्क

करारातलं कलम चौदा मी टाइप केलंय.
मजकूर पणजीच्या वकिलाचा, अक्षरं माझी,
आणि अक्षरांचा आकार सात ठेवायचा
हा रेजिनाल्डबाबचा निर्णय.

म्हापशात, टॅक्सी स्टँडच्या मागल्या गल्लीत
खाली बेकरी, वर आम्ही.
पोदेराची टोपली रिकामी होऊन परत येते
तेव्हा मी शटर उघडते, चाव्या खिळ्यांवर टांगते,
काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या अकरा गाड्या
फडक्याने पुसते. धूळ जाते, ओरखडे राहतात.
ओरखड्यांची वही वेगळी आहे.
मागितली तर मिळते.
कोणी मागत नाही.

पावसाळ्याआधी जळगावचे भंगाळे आले,
सासूबाईंना शांतादुर्गेला न्यायचं होतं.
'सही कुठं?' म्हणाले, पेनाचं टोपण दातात.
बोट पानाच्या तळाशी ठेवायचं, हे मला शिकवलंय;
बोटाखाली काय झाकायचं, तेही.

दीड महिन्याने फोटो येतो.
मेरशीचा सिग्नल, लाल,
काचेमागे सासूबाईंची जपमाळसुद्धा दिसते.
दंड पाचशे.
सरकार विचारतं, गाडी कोणाकडे होती?
मी यादी उघडते, भंगाळ्यांचं नाव उचलते,
पत्त्यासकट चिकटवते, पाठवते.
चार मिनिटं. मध्येच चहा आला तर सहा.
आणि त्यांच्या डिपॉझिटमधून वळते होतात
साडेसातशे, वर जीएसटी.
दंड पाचशे,
आणि दंड कोणाला, एवढं सांगण्याचे
साडेसातशे.

फोनवर ते ओरडले नाहीत.
ओरडणाऱ्यांसाठी माझ्याकडे छापील उत्तर आहे.
नुसतं विचारलं,
'बाई, हे प्रशासन म्हणजे नेमकं कोण?'
मी खोलीत बघितलं.
टेबल, पंखा, सहकारी बँकेचं कॅलेंडर,
अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली.
'मीच,' म्हटलं.

प्रशासनाचा रोज सहाशे.
प्रशासन दोडामार्गहून बसने येतं,
डब्यात भात आणि सुंगटांची किसमूर,
उजव्या चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला.

शुक्रवारी बाजारात जाते.
मिरच्यांवाली आधी दर सांगते,
मग भांडते, मग मूठभर जास्त टाकते.
दीड महिन्याने तिचा फोन येत नाही
की बाये, मिरच्या मोजल्याचे वेगळे.

त्या फोननंतर माझं बोट
पानावर थोडं वर सरकलं.
रेजिनाल्डबाब बाल्कनीत सिगारेट ओढत असले
की मी म्हणते, 'हे चौदावं वाचा. चष्मा असेल तर लावा.'
म्हणते, 'छताचाही फोटो काढा, छताकडे कोणी बघत नाही,
पेट्रोलचा काटा तर चाव्या हातात घेतानाच.'
आणि ती वही मागा ना हो,
मी स्वतःहून दिली तर माझी नोकरी जाईल.
दंड आलाच तर चलान थेट मला पाठवा, मी भरीन,
असं लिहून घेतलं समासात
तर शुल्क कशाचं लावणार?

बरेच जण हसतात. 'गोव्यात आलोय, सोडा!'
त्यांची नजर आधीच वागातोरला पोचलेली असते.
एक पोरगी मात्र बसली, साताऱ्याची, एकटी,
सोळा पानं वाचली, दोनदा पाणी मागितलं,
आणि समासात लिहायला
पेन चालेना
म्हणून मला म्हणाली, तुम्हीच लिहा, मी सही करते.

काल फाइल चाळताना रेजिनाल्डबाब थांबले.
'हें निळें कितें?'
गिऱ्हाइकाची अट, म्हटलं.
खाली भट्टीतून पाव निघत होते,
वास जिन्यावरून वर येत होता.
त्यांनी पान उजेडाकडे धरलं.
'अक्षर तुजें.'

हो, म्हटलं.
चौदाव्याचंही.