हिरव्याखालचा लाल

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं
मी फक्त चुका शोधल्या.
तिकिटांचा ताव भिंगाखाली:
एखादं छिद्र हललेलं,
एखाद्या पुढाऱ्याच्या नाकावर शाई.
बाद. सही. पुढचा ताव.
गेटवर झडती देऊन घरी.

म्हणून सुवार्ताने लिमरिकहून पहिला फोटो पाठवला
तेव्हा मी आधी तिच्याकडे पाहिलं नाही.
ती एका टपालपेटीला टेकून उभी होती.
पेटी हिरवीगार, पण लोखंडातून उठलेली अक्षरं
इंग्लंडच्या राजाची, मुकुटासकट.

"बावीस साली राज्य हातात आलं, बाबा,
नव्या पेट्या ओतायला पैसे कुठले?
रंगाचे डबे घेतले नि फिरले गावोगाव."
मला ती माणसं आवडली.
आमच्या आईने हेच केलं असतं.

तिकिटंही तीच, मी शोधून काढलं.
राजाचा चेहरा, त्यावर काळ्या शाईत
त्यांच्या भाषेत: हंगामी सरकार.
राजा अक्षरांच्या फटीतून बघतोय.
आमच्या धंद्यात याला ओव्हरप्रिंट म्हणतात.
नवा साचा होईस्तोवर चालवून घ्यायचं.

त्याच्या सहा वर्षं आधी, ईस्टरचा सोमवार.
डब्लिनच्या मोठ्या टपाल कचेरीत
कुणी तिकिटासाठी रांगेत असणार,
आणि आत शिरले बंदुका घेतलेले
मास्तर, कारकून, कवी.
बाहेर जाहीरनामा वाचला गेला,
ऐकायला मोजकी माणसं.
रांगेतल्या त्या माणसाचं पाकीट पोचलं का,
हे कुठेच लिहिलेलं नाही.
आठवड्यात कचेरी जळाली.
मग पहाटे पहाटे एकेकाला भिंतीशी नेलं.
एकाला जखमांनी उभं राहता येईना,
त्याला खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या.
ती खुर्ची मला रात्रभर दिसली,
शरणपूरच्या चर्चमध्ये मागे असते तशी, वेताची.

वीस साली त्यांच्याच एका पलटणीने
जालंधरला बंदुका खाली ठेवल्या,
घरची पत्रं वाचून म्हणे.
पत्रं तर आमच्या देवळालीच्या छावणीतही यायची.
तिथे कुणी काय वाचलं, कुणाला ठाऊक.

अठ्ठ्याण्णवच्या गुड फ्रायडेला
आम्ही तीन तास बसून सातही उद्गार ऐकले,
घसा कोरडा करून घरी आलो.
उशिरा बातमी: बेलफास्टला करार झाला.
तीस वर्षांची मढी, आणि एक शुक्रवार.
सुवार्ता तेव्हा दहावीत होती,
तिला भूगोलात बेलफास्ट सापडेना.
आता सांगते, "सीमा दिसतच नाही, बाबा.
रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते,
बस्स."

बारा साली गॉलवेच्या दवाखान्यात
आपल्या बेळगावची एक मुलगी गेली.
गर्भ वाचणार नव्हता,
तरी कायद्याकडे बघत थांबले होते.
सुवार्ता दुसऱ्या गावी, दुसऱ्या वॉर्डात.
तरी आठवडाभर तिने फोन घेतला नाही.

सतरा साली तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं.
इकडचा पासपोर्ट जमा करावा लागतो,
तो रद्द होऊन परत आला, मग माझ्याकडे.
"ठेवा. तुमच्याच प्रेसचा."
मी भिंग काढलं.
क्रमांकाची छिद्रं सरळ. शिवण पक्की. चूक नाही.
शिक्का तेवढा तिरका पडलेला.
असा ताव मी कधी बाद केला नसता.

अठराच्या मेमध्ये त्या कायद्यावर मतदान.
परदेशातून लोक बॅगा ओढत परतत होते
एका खुणेसाठी.
ती रात्रपाळी करून गेली.
चर्चबाहेर थोरातभाऊंनी मला अडवलं,
"पोरीने काय मत दिलं?"
म्हटलं, "मत गुप्त असतं, भाऊ."
मीही तिला विचारलं नाही.
तिने आपणहून एवढंच सांगितलं,
की केंद्राच्या कोपऱ्यावर पेटी होती,
रंगाचा पोपडा निघालेला,
नखाने जरा खरवडलं तर खाली लाल.

मग बराच वेळ दोन्हीकडे शांतता.
मग, "जेवलात का?"
हो म्हणालो.
जेवलो नव्हतो.